बॅगेवरचं लेबल कोण लावतं?

आज आधी एक गणित घालतो. वही-पेन्सिल घ्या. आई-बाबा शेजारी असतील तर त्यांनाही बसवा. आकडे मोठे आहेत, हातचे सांभाळायला उपयोगी पडतील.

व्हिडिओतलं एक चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. आडव्या रांगेत १९२० ठिपके, आणि अशा १०८० रांगा. एकूण ठिपके झाले २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन आकडे लागतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. म्हणजे एका चित्राचे झाले ६२,२०,८०० आकडे. संगणकवाले त्यांना बाइट म्हणतात. चित्र हलतं दिसायचं तर सेकंदाला अशी २५ चित्रं डोळ्यांपुढून जायला हवीत. आता एका मिनिटाचा गुणाकार करा पाहू. उत्तर येतं ९,३३,१२,००,०००. नऊशे तेहतीस कोटी बारा लाख! एका मिनिटाचे बरं का, अन् तेही बिनआवाजाच्या व्हिडिओचे. असं असतं तर ३२ जीबीचा मोबाइल साडेतीन मिनिटांच्या आत गच्च भरला असता.

पण तसं होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही मामाच्या लग्नातला तासाभराचा नाच फोनमध्ये घेऊन फिरता. हे जमतं ते एन्कोडर नावाच्या प्रोग्राममुळे. आजची गोष्ट त्या एन्कोडरची, आणि त्याहून जास्त, तो जपून तुमच्या-माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसांची.

मी रिठदला, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, प्राथमिक शाळेत शिकवतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा माझी न् एन्कोडरची ओळख झाली. भागाकाराचा धडा मी मोबाइलवर चित्रित करायचो. सहा मिनिटांचा धडा सातशे एमबीच्या घरात जायचा. तो पालकांच्या गटावर टाकायचा कसा? घरात फोन एक, पोरं तीन, आणि फोन बाबांच्या खिशात वावरात गेलेला. दिवसाचा दीड जीबी डेटा; त्यातला अर्धा भागाकारानेच खाल्ला तर बहिणीच्या इतिहासाने काय करावं? शाळेत एक जुना संगणक होता. त्यावर डेबियन नावाचं लिनक्स घातलेलं होतं, फुकट मिळणारं. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ म्हणून लहान लहान धडे केले आहेत, त्यांतले काही मराठीतही आहेत. ते बघत बघत मी लिनक्स शिकलो. त्या संगणकावर एन्कोडर चालवला की तोच सहा मिनिटांचा धडा वीस-पंचवीस एमबीवर यायचा. चित्र लहान व्हायचं खरं, पण फळा वाचता यायचा.

ही काय जादू? जादूबिदू काही नाही. एन्कोडर आळशी पण हुशार कारकुनासारखा असतो. एकाच गावाची तीस मुलं असली तर कारकून रजिस्टरात गावाचं नाव तीस वेळा लिहीत नाही. एकदा लिहितो आणि खाली ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा मारत जातो. आता माझा धडा डोळ्यांपुढे आणा. फळा हलत नाही. भिंत हलत नाही. भिंतीवरचा सावित्रीबाईंचा फोटो हलत नाही. हलतो तो माझा हात आणि खडू. एन्कोडर चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडतो, आणि एकेक चौकोन मागच्या चित्रात कुठे सापडतो का ते शोधतो. सापडला की लिहितो, ‘वरीलप्रमाणे’. हात सरकला असेल तर लिहितो, ‘मागच्या चित्रातला अमुक चौकोन, पाच ठिपके उजवीकडे, दोन वर’. काही चित्रं तर तो मागच्या आणि पुढच्या अशा दोन चित्रांवरून मधल्या मध्ये रचतो!

एवढं करून जे उरतं त्यावर कात्री चालते. आपला डोळा उजेड-अंधार फार बारकाईने बघतो, रंगांच्या बाबतीत मात्र जरा ढिला. म्हणून रंगाचे आकडे चार ठिपक्यांत मिळून एकदाच लिहिले तरी आपल्याला पत्ता लागत नाही. बाकी कात्री किती चालवायची हे आपण ठरवायचं. मी जो एन्कोडर वापरतो, एक्स२६४, त्यात ह्यासाठी ० ते ५१ असा एक आकडा असतो. आपण काही सांगितलं नाही तर तो २३ धरतो. आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र गढूळ. मी धड्यांसाठी २८ ठेवतो. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की फळ्यावरचे १ अन् ९ सारखेच दिसू लागतात, आणि भागाकारात असं झालं तर पोरांनी काय करावं!

एच.२६४ ही व्हिडिओ आवळून लिहिण्याची पद्धत २००३ साली पक्की झाली. ती पद्धत वापरून व्हिडिओ लिहिणारा एक्स२६४ हा प्रोग्राम लॉरां एमार ह्या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केला, पुढे लोरेन मेरिट आणि इतरांनी तो वाढवला. शेंदरी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी तुम्ही पाहिला असेल. त्याच व्हिडिओलॅन मंडळींच्या घरचं हे पोर. त्याची मूळ लिखावट, म्हणजे सोर्स, कुणालाही वाचायला, बदलायला मोकळी आहे. पैसे पडत नाहीत.

इथपर्यंत आलो की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. मागच्या वर्षी चौथीतल्या एका पोरीने विचारला: “सर, त्यानं तिकडं फ्रान्सात लिवलं, मंग आपल्या शाळेतल्या डब्यात कसं आलं?”

फार नेमका प्रश्न आहे. मोठी माणसंसुद्धा तो विचारत नाहीत.

उत्तर देण्याआधी मला सांगा, बाजारात विकायला नेलेलं सोयाबीन आणि पेरायला आणलेली बियाण्याची बॅग ह्यांत फरक काय? आपल्याकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. दाणा तोच. पण बॅगेतला दाणा कुणीतरी साफ केलेला असतो, चाळून एकसारखा केलेला असतो, त्याची उगवण तपासलेली असते. सोयाबीनची उगवण शंभरात सत्तर तरी पाहिजे, त्याखाली गेली तर ते बियाणं म्हणून चालत नाही. मग बॅग शिवतात आणि लेबल लावतात: जात कोणती, लॉट नंबर काय, तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल, पायाभूत बियाण्याला पांढरं. आमच्या शेजारच्या अकोल्यात १९७६ पासून महाबीजचं मुख्य ठाणं आहे, तिथे हेच काम चालतं. काही वाईट निघालं तर लॉट नंबरावरून माग काढता येतो. सुट्या पोत्याचा माग कुणी काढायचा?

प्रोग्रामचंही अगदी असंच आहे. लेखकाने लिहिलेला सोर्स म्हणजे सुटं धान्य. ते तसंच्या तसं तुमच्या संगणकात ओतून भागत नाही. कुणीतरी ते घेतं, साफ करतं, त्याच्या सोबतीला आणखी काय काय लागतं ते बघतं, संगणकाला समजेल अशा रूपात आणतं, चाचणी घेतं आणि लेबल लावून बॅग शिवतं. ह्या बॅगेला म्हणतात पॅकेज, आणि बॅग शिवणाऱ्याला म्हणतात मेंटेनर. मूळ लेखकाला ही मंडळी ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा. आपण खालच्या अंगाला बादली घेऊन उभे. मेंटेनर मध्ये उभा असतो, पाणी बघत.

डेबियन १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मरडॉक ह्या तरुणाने सुरू केलं. आपल्या मैत्रिणीचं नाव डेब्रा आणि आपलं इयन, दोन्ही जोडून ‘डेबियन’! आज त्यात सुमारे हजार अधिकृत विकासक आहेत, आणि त्यांच्या जोडीला मदत करणारे आणखी कितीतरी. २०२५ च्या आवृत्तीत पॅकेजं आहेत ६९ हजारांहून जास्त. ह्या कामाचा पगार डेबियन देत नाही. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार, कुणी प्राध्यापक. संध्याकाळी जेवून बसतात अन् बॅगा शिवतात. एक्स२६४ ची बॅग डेबियनचा मल्टिमीडिया गट सांभाळतो.

“मंग त्याईले भेटते काय?” हा दुसरा हमखास प्रश्न. त्याचं उत्तर मी पोरांनाच शोधायला सांगतो. तुम्हीही शोधा.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी ही बॅग उसवून पाहिली. चोरून नाही हं, तसं करायची रीतसर परवानगी आहे. डेबियनमध्ये कुठल्याही पॅकेजचा सोर्स एका आज्ञेसरशी उतरवून घेता येतो. त्यात मूळ लेखकाच्या फायलींच्या बाजूला ‘डेबियन’ नावाचा एक फोल्डर निघतो. मेंटेनरचं सगळं काम त्या फोल्डरमध्ये. ‘कंट्रोल’ नावाची फाइल म्हणजे लेबल: नाव काय, सांभाळतो कोण, सोबत काय काय लागतं. ‘रूल्स’ म्हणजे पाककृती. ‘कॉपीराइट’मध्ये कुठली फाइल कुणी लिहिली आणि कोणत्या अटींवर दिली, ह्याची नोंद, हे काम सगळ्यांत कंटाळवाणं असणार, पण ते झाल्याशिवाय बॅग आत घेतच नाहीत. ‘पॅचेस’ म्हणजे ठिगळं. मूळ कापडाला हात न लावता वरून लावलेली, प्रत्येकावर कारण लिहिलेलं. आणि ‘चेंजलॉग’ म्हणजे डायरी. ती मला सगळ्यांत आवडली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता एक भानगड ऐका. ह्या सगळ्याच्या आधी मी एका संकेतस्थळावरून दुसराच एक एन्कोडर उतरवून घेतला होता. ‘अतिशय वेगवान’ असं लिहिलं होतं त्यावर. आमच्या जुन्या संगणकावर तो सुरू केला आणि एका क्षणात बंद पडला. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द. त्यांचा अर्थ: ‘बेकायदा सूचना’. पोरं घाबरली. एकाने तर विचारलं, “सर, आता पोलीस येतीन का?”

पोलीस येणार नव्हते. झालं होतं असं, की तो प्रोग्राम बनवणाऱ्याने तो नव्या कोऱ्या प्रोसेसरसाठी बनवला होता. नव्या प्रोसेसरला काही जास्तीच्या युक्त्या येतात, एका दमात आठ-आठ, सोळा-सोळा आकड्यांची बेरीज वगैरे. आमच्या म्हाताऱ्या प्रोसेसरला त्या येत नाहीत. न कळणारी आज्ञा आली की तो बिचारा हात वर करतो. डेबियनचा नियम असा, की पॅकेज त्या जातीच्या जुन्यातल्या जुन्या मान्य प्रोसेसरवरही चाललं पाहिजे. एक्स२६४ ला ह्या युक्त्या सगळ्या येतात, पण तो आधी विचारतो, ‘बाबा, तुला काय काय येतं?’ आणि जेवढं येतं तेवढंच सांगतो. बॅग शिवताना मेंटेनरला हे जपावं लागतं. त्याने फक्त स्वतःच्या नव्या संगणकापुरता विचार केला असता तर त्याचं काम अर्ध्या वेळात झालं असतं, आणि आमच्या शाळेचं झालंच नसतं.

डेबियन चालतं ते काही एकाच जातीच्या संगणकावर नाही. टेबलावरचे संगणक, मोबाइलसारख्या प्रोसेसरचे छोटे बोर्ड, बँकांमध्ये असतात तसले आयबीएमचे अजस्र संगणक, सगळे आले. मेंटेनरने एक बॅग पाठवली की कारखान्यासारखे यंत्र-संगणक प्रत्येक जातीसाठी ती आपोआप बांधून बघतात. कुठेतरी मोडतेच! आणि का मोडते ह्याचं एक गंमतशीर कारण आहे. आपण मराठीत २५ ला काय म्हणतो? पंच-वीस. आधी पाच, मग वीस. इंग्रजीत उलटं, ट्वेंटी-फाइव्ह, आधी वीस. संगणकांतही हा भेद आहे. काही जण मोठ्या संख्येचा लहान भाग आधी लिहितात, काही मोठा भाग आधी. बहुतेक संगणक आपल्या पंचवीसवाल्यांसारखे. आयबीएमचे ते मोठे ट्वेंटी-फाइव्हवाले. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात राहिलं नाही तर पंचवीसचे बावन्न होतात. ह्या भेदाला इंग्रजीत जे नाव आहे ते आलंय ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून. अंडं कोणत्या टोकाने फोडावं ह्यावरून लिलिपुटचे लोक भांडतात, आठवतं ना? १९८० साली डॅनी कोहेन ह्या शास्त्रज्ञाने ते भांडण इथे आणून बसवलं.

चाचणीत अपयश आलं की मेंटेनर कारण शोधतो, ठिगळ लावतो, आणि ते ठिगळ वरच्या अंगाला मूळ लेखकाकडेही पाठवतो. म्हणजे पुढच्या पिकाला ते लागायला नको.

आणखी एक काम आहे, ते बाहेरून दिसत नाही. एक्स२६४ हा नुसता प्रोग्राम नाही, दुसरे प्रोग्राम त्याला आपल्या कामाला जुंपतात. एफएफएमपेग आहे, व्हीएलसी आहे, आणखी आहेत. ते ज्या तोंडाने जोडले जातात त्या तोंडाला एक क्रमांक असतो. डेबियनच्या २०१९ च्या आवृत्तीत तो होता १५५, २०२१ मध्ये १६०, २०२३ मध्ये १६४. क्रमांक बदलला म्हणजे तोंडाचा आकार बदलला. विहिरीवरच्या मोटारीचा दोन इंची पाइप काढून अडीच इंची बसवला तर पुढची प्रत्येक कपलिंग, प्रत्येक कॉक बदलावा लागतो की नाही? तसंच. एक्स२६४ वर अवलंबून असलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधायचं, सगळ्या जातींच्या संगणकांसाठी, आणि तेही सगळं एका वेळी जुळवून. अर्धं इकडे अर्धं तिकडे झालं तर कुणाचाच व्हिडिओ चालणार नाही. आपण मात्र एक दिवस ‘अपडेट’ म्हणतो, चहा पिऊन येतो, आणि झालेलं असतं.

आवृत्त्यांची नावं सांगायची राहिलीच! १९९६ मध्ये डेबियनचं नेतृत्व ब्रूस पेरेन्स ह्यांच्याकडे होतं आणि ते पिक्सारमध्ये काम करत. पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ १९९५ मध्ये आलेला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला त्यातल्या एका खेळण्याचं नाव. पहिली बझ. २०२१ ची बुल्सआय, तो घोडा. २०२३ ची बुकवर्म, चष्मेवाला हिरवा किडा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली ती ट्रिक्सी, निळी डायनासोर. आणि सिड आठवतो? शेजारचा तो दुष्ट पोरगा, खेळणी मोडणारा! डेबियनमध्ये प्रत्येक नवी बॅग आधी ‘सिड’ नावाच्या कोठारात पडते. मोडायचं ते तिथे मोडो. काही दिवस ठीक गेले की ती पुढच्या कोठारात जाते, आणि दोनेक वर्षांनी सगळं तावून सुलाखून नवी आवृत्ती निघते. ट्रिक्सी मात्र आमच्या शाळेतल्या दोन संगणकांपैकी एकावर बसली नाही. तो फार जुना, ३२ बिटांचा आहे, आणि तसल्या संगणकांवर डेबियन नव्याने बसवायची सोय ट्रिक्सीपासून बंद झाली. तो बुकवर्मवरच आहे. मला वाईट वाटलं, पण मी रागावलो नाही. तसल्या संगणकांसाठी दर बॅग बांधून, तपासून बघायला माणसं लागतात, आणि ती कमी होत गेली.

आता जरा घाबरवणारी गोष्ट सांगतो. खरी आहे.

फायली आवळायचा एक्सझेड नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. व्हिडिओ नाही, कुठलीही फाइल. डेबियनच्या बॅगा शिवायलासुद्धा त्याचाच दोरा वापरतात म्हणा ना. लासे कोलिन नावाचा एक माणूस तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होता, फुकट. तो दमला होता. प्रकृतीच्या तक्रारी होत्या. त्यात काही अनोळखी लोक त्याला टोचू लागले, ‘काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या’. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ त्याने चांगलं काम केलं, विश्वास मिळवला आणि किल्ल्या हाती आल्यावर २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक्सझेडमध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये लपवून! जगभरच्या लिनक्स संगणकांत बाहेरून शिरता येईल असा दरवाजा.

तो माल डेबियनच्या सिड कोठारात आला. तिथे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की आपल्याला दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण पापणी मिटून उघडू तेवढ्यात गेला असता. त्याने मात्र ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं नाही. खणत गेला, खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्या जगाला सांगितलं. बहुतेक लोक वापरतात त्या पक्क्या आवृत्तीत तो माल पोचलाच नाही. डेबियनने घाईने जुनं चांगलं एक्सझेड परत आणलं. पण बॅगेवरचा आवृत्तीचा क्रमांक मागे नेता येत नाही, संगणक नेहमी मोठा क्रमांक नवा समजतो. मग त्यांनी लेबलावर लिहिलं ‘५.६.१, खरं तर ५.४.५’. अगदी असंच, ‘रिअली’ हा शब्द घालून!

जिया टॅन कोण होता ते उघड झालेलं नाही.

म्हणून तर डेबियनमध्ये अधिकृत व्हायला इतका वेळ लागतो. बॅगेवर मेंटेनरची डिजिटल सही असते, आणि ती सही खरोखर त्याच माणसाची आहे हे दुसऱ्या मेंटेनरांनी सांगावं लागतं. तेही सहसा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र बघून. त्यासाठी संमेलनं उपयोगी पडतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनचं जागतिक संमेलन केरळात कोचीला झालं, भारतात पहिल्यांदाच.

डेबियनसारखंच फेडोरा नावाचं आणखी एक लिनक्स आहे, रेड हॅट कंपनीच्या आधाराने चालणारं. ह्या कंपनीची मोठी कचेरी पुण्यात आहे. ‘लोहित’ हा देवनागरी फाँट तिथल्या माणसांनी सांभाळला, आणि लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली त्यात त्याचा वाटा आहे. पण फेडोराच्या कोठारात एक्स२६४ ची बॅग नाही! कारण पेटंट. एखादी युक्ती ज्याने काढली त्याला वीस वर्षं तिच्यावर हक्क सांगता येतो, आणि एच.२६४ मध्ये अशा कितीतरी युक्त्या आहेत. अमेरिकेतल्या कंपनीला तिथला कायदा बघावा लागतो. सिस्को कंपनीने २०१३ मध्ये स्वतः पैसे भरून दुसरा एक एन्कोडर सगळ्यांना मोकळा केला, फेडोरावाले तो घेऊ शकतात. आपल्याकडच्या पेटंट कायद्यात संगणकाचा नुसता प्रोग्राम हा पेटंट देण्याजोगा शोध धरत नाहीत. मला आपला कायदा जास्त शहाणा वाटतो, पण वकिलांशी वाद घालायला मी डीएड पुरेसं नाही.

ह्या पेटंटच्या कटकटीतून सुटायला मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ नावाची नवी पद्धत मोकळी केली. तिचा एक एन्कोडर इंटेल आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून वाढवला, तोही डेबियनमध्ये आहे. मी तो आमच्या संगणकावर चालवून पाहिला. फाइल खरंच आणखी लहान होते! पण संगणक असा घामाघूम होतो, की पंख्याच्या आवाजाने शेजारचा वर्ग विचारायला येतो. शिवाय गावातल्या जुन्या फोनवर तो व्हिडिओ अडखळतो. तेव्हा आमचा भागाकार अजून काही वर्षं एक्स२६४ वरच.

आता ती डायरी. बॅग उसवायचीही गरज नाही. डेबियन घातलेल्या संगणकात बहुतेक प्रत्येक पॅकेजची डायरी आधीच ठेवलेली असते. काय बदललं, का बदललं, कुणाच्या तक्रारीवरून बदललं, अन् खाली मेंटेनरचं नाव, तारीख आणि वेळ. वेळेच्या शेवटी एक छोटा आकडा असतो, ग्रीनिचच्या प्रमाणवेळेपेक्षा त्या माणसाचं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते सांगणारा. जर्मनीत हिवाळ्यात +०१००, उन्हाळ्यात +०२००. जपानात +०९००. वजा असला की बहुधा अमेरिका. म्हणजे डायरी वाचता वाचता पृथ्वीचा गोळा फिरवता येतो.

भूगोलाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना हेच काम दिलं. पाच-पाच जणांचा गट, एकेक डायरी, आणि नकाशावर टिकल्या लावायच्या. कुणीतरी रात्री तीन वाजता बॅग शिवली होती, त्यावरून वर्गात बराच वेळ चर्चा चालली, की त्याच्या आईने त्याला झोपायला कसं सांगितलं नाही. मग एक जण म्हणाला, आपला आकडा किती? साडेपाच तास, +०५३०. झालं! सगळे गट व्हिडिओ सोडून +०५३० शोधू लागले. मधली सुट्टी झाली तरी उठेनात. शेवटी जावास्क्रिप्टच्या एका एवढ्याशा पॅकेजात तो सापडला. ज्या पोरीने तो शोधला तिने टिकली हातात धरली आणि विचारलं, “सर, भारतात कुठं लावू? गाव तं लिवलंच नाही.”

मी म्हटलं, “तुला वाटेल तिथे लाव.”

तिने ती रिठदवर लावली.